काळ्या मातीच्या पहिल्या ग्रंथाची बखर

श्री. जे अक्षर कागदावर उतरोन कामास आले त्या अक्षरास नमन, आणि जी माती पायाखाली निमूट राहोन सर्वांचा भार वाहते त्या मातीस नमन. शके अठराशे पंच्याऐंशी, शोभननाम संवत्सरी, वैशाख मासापासोन या राज्यात जे वर्तमान जाहले, आणि राज्यास आपल्या मातीचा आपल्या बोलीतील पहिला ग्रंथ कैसा प्राप्त जाहला, ते लेखकाने काही डोळा देखिले, काही जाणत्यांचे मुखे ऐकिले, तैसेच लिहिले आहे. पदरचे घातले नाही.

राज्य थोर. नद्यांवर धरणे चालली, गावोगाव शाळा, इस्पितळे, पूल, पाण्याच्या टाक्या उभ्या राहू लागल्या, आणि ही कामे करणारे इंजिनियर व शास्त्रज्ञ लोक हुशार, मेहनती, उन्हातान्हाची पर्वा न करणारे. परंतु त्यांची पुस्तके मात्र सारी समुद्रापलीकडून, टोपीकरांचे मुलखातून आगबोटीने येत. पुस्तके उत्तम, लिहिणारे थोर विद्वान, त्यांस बोल लावू नये. परंतु त्यांणी लिहिले ते आपल्या थंड मुलखाच्या मातीचे लिहिले, आणि या राज्याचा निम्मा मुलूख भारी काळ्या मातीचा, की जी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वीतवीत फाटते. त्या मातीचे वर्णन एका जाड ग्रंथात अवघ्या दीड पानात केले होते आणि शेवटी लिहिले होते की, अशा जागी बांधकाम शक्य तो करू नये. निम्म्या राज्याने मग राहावे कोठे, हे त्यात लिहिले नव्हते.

ऐसे असता करंजवडी नामे गावी नवे इस्पितळ बांधिले, त्यास दोन पावसाळे गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात भिंतींस बोट जावे ऐशा भेगा पडल्या, आणि वैशाख वद्य पंचमीस बाळंतिणींच्या खोलीची चौकट भिंतीने दाबोन धरिली ती दार उघडेना. आत चौघी बाळंतिणी आणि त्यांची लेकरे, माथ्यावर छताचे पोपडे गळत आहेत, आणि बाहेर आयाबायांनी आकांत मांडिला. मग लोकांनी कुऱ्हाडीने दार फोडून सर्वांस बाहेर काढिले. कोणास इजा जाहली नाही ही ईश्वराची कृपा, परंतु त्या दिवसापासोन इस्पितळात कोणी पाय ठेवीना, आणि बाळंतिणी पुन्हा बैलगाडीत घालोन सात कोस तालुक्यास नेऊ लागले.

हे वर्तमान राजधानीस पोहोचले तेव्हा बांधकामाचे थोरले कारभारी राजश्री अच्युतराव मुजुमदार होते. अकरा पूल बांधिलेले, करडे, शब्दाचे पक्के, टोपीकरांचे ग्रंथ ज्यांस मुखोद्गत. त्यांणी माती तपासणीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सौदामिनीबाई खानविलकर यांस बोलाविले. बाईंचे वय चौतीस, या राज्यात इंजिनियरीची परीक्षा उतरलेल्या पहिल्या चौघींपैकी एक, बोलणे थोडे आणि पाहणे फार. अच्युतराव बोलिले, "बाई, करंजवडीस जा आणि कंत्राटदाराने कोठे लबाडी केली ते हुडकून काढा." बाई गेल्या आणि पाया उकरून पाहिला, विटा पाहिल्या, चुना पाहिला, आणि अडीच दिवस मापे घेतली. लबाडी कोठेच नव्हती. जे जे पुस्तकात लिहिले तैसेच तंतोतंत केलेले, आणि म्हणोनच इस्पितळ फाटले होते.

ते समयी पाया उकरणाऱ्या टोळीचा मुकादम यल्लप्पा धोत्रे म्हणोन होता. जातीचा वडार, वय पंचावन्न, अक्षराची ओळख नाही, परंतु बाप आजा सर्व विहिरी आणि पाये खणीत आलेले. तो खड्ड्याचे काठी उकिडवा बसोन बाईंकडे पाहत होता. बाईंनी विचारिले, "मुकादम, तुम्हांस काय वाटते?" यल्लप्पा म्हणाला, "बाईसाहेब, ही माती जिती हाय. पावसात फुगती अन् उन्हात आकसती. तिच्या अंगावर घर बांधलं तर ती कूस बदलणारच. तिच्या खाली जावा, जिथवर भेग जाती त्याच्या खाली. तिथं माती झोपलेली असती." बाईंनी विचारिले, "भेग कोठवर जाते ते कैसे कळावे?" तेव्हा त्याने मुठीएवढ्या वेटोळ्याची एक बारीक तार काढिली, जवळच्या शेतातील भेगेत सोडिली, आणि ती सरसर खाली गेली ती आठ फूट, नऊ फूट, दहा फूट गेली. इस्पितळाचा पाया साडेचार फुटांवर होता. बाईंनी तार ओढोन स्वतः पुन्हा मोजिली. मागाहून त्या सांगत की, पंधरा वर्षे शिकले, परंतु त्या दिवशी प्रथमच लाज वाटली आणि प्रथमच आनंदही जाहला.

मग मोहीम सुरू जाहली. बाईंनी अच्युतरावांकडून एक जीप, चार माणसे आणि तीन वर्षांची मुदत मागोन घेतली, आणि यल्लप्पास सोबत घेऊन एकेचाळीस गावी त्र्याहत्तर खड्डे घेतले. वैशाखात भेगेची खोली मोजावी, भाद्रपदात मातीचे फुगणे मोजावे, लोखंडी खुंट्या ठोकून त्या किती वर उचलल्या ते पाहावे, मातीचे गोळे डब्यात बंद करून प्रयोगशाळेस न्यावे, ऐसे तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे चालविले. एके गावी खुंटी पाच बोटे वर आली तेव्हा लोक म्हणो लागले की जागेस काही आहे, नारळ फोडावा. यल्लप्पाने नारळ फोडिला, खोबरे सर्वांस वाटिले आणि पुन्हा माप घेतले. पाच बोटेच भरले.

मापे जमली तेव्हा बाई बोलिल्या की आता ग्रंथ लिहावा, आणि तो राज्याच्या बोलीत लिहावा. यावर मोठी मसलत भरली. कित्येक विद्वान बोलिले की आपल्या बोलीत कथा मावते, कीर्तन मावते, शास्त्र मावत नाही. परक्या भाषेत लिहाल तर चार मुलखांत नाव होईल. बाई बोलिल्या, "नाव होईल, परंतु पाया खणतो त्यास कळणार नाही. पाया नावाने खणीत नाहीत." मग शब्दांचा खल माजला. माती फुगताना वरच्या भारास जो जोर लावते त्यास काय म्हणावे? एका पंडिताने आठ अक्षरांचा एक संस्कृत शब्द घडविला, तो म्हणता म्हणता दुसऱ्या पंडिताची जीभ अडखळली. यल्लप्पा दाराशी उभा होता, त्यास बाईंनी विचारिले, "तुम्ही काय म्हणता?" तो म्हणाला, "आमी फुगारा म्हणतो." सभेत हशा पिकला, परंतु अच्युतराव हसले नाहीत. त्यांणी कागदावर "फुगारा" लिहोन पाहिले, दोनदा वाचिले आणि बोलिले, "चालेल. हा शब्द भार घेईल."

ग्रंथ छापण्यास सरकारी छापखान्यात कासमभाई अत्तार यांचेकडे गेला. कासमभाई अक्षरे जुळविणाऱ्या जुळाऱ्यांत पहिले, चष्मा कपाळावर आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे बोटांवर. परंतु त्यांजपाशी कथाकादंबरीचे खिळे होते, गणिताचे नव्हते. वर्गमुळाचे चिन्ह नाही, अपूर्णांक नाहीत. त्यांणी दोन महिने बसोन स्वहस्ते साचे कोरिले, शिसे ओतिले आणि एकशे सोळा नवे खिळे पाडिले. पहिले वर्गमूळ कागदावर उमटले तेव्हा ते बाईंस म्हणाले, "बाईसाहेब, कुदळीसारखं दिसतं." बाई म्हणाल्या, "कुदळच आहे, कासमभाई. मुळापर्यंत जाते."

शके अठराशे अठ्ठ्याऐंशी, विजयादशमीस ग्रंथ बाहेर पडला. संवत्सराचे नाव पराभव, म्हणोन कित्येकांनी सुचविले की साल पालटू द्यावे, परंतु बाईंनी ऐकिले नाही. अकराशे प्रती निघाल्या आणि राज्यातील प्रत्येक बांधकामाच्या छावणीस, प्रत्येक इंजिनियरीच्या शाळेस पोहोचल्या. काय सांगावे तो आनंद! जवान इंजिनियर ग्रंथ काखेत मारून कामावर जाऊ लागले, मुकादम लोक संध्याकाळी कोंडाळे करून तो वाचून घेऊ लागले, आणि सातवा तक्ता, ज्यात कोणत्या मातीत किती फूट खोल जावे ते लिहिले होते, तो तर लोकांनी भिंतींवर डकविला. यल्लप्पास पहिली प्रत दिली, त्याने ती वास घेऊन पाहिली आणि पागोट्यात खोवून घरी नेली.

ऐसे पाच मास गेले, आणि फाल्गुनात सोनखेड गावाहून एक पत्र आले. तेथे एक लाख गॅलन पाण्याची उंच टाकी बांधणे चालले होते, बाजाराचे पटांगणास लागून, आणि कामावर हणमंतराव शिराळकर नामे इंजिनियर होता, नोकरीस लागून सातवा महिना. त्याने लिहिले की, "आपले ग्रंथातील सातव्या तक्त्याप्रमाणे भारी काळ्या मातीत आठ फूट खणिले. परंतु ग्रंथातच तार सोडून पाहावे ऐसे लिहिले आहे, तैसे केले तो भेग आणखी खाली जाते. आठवड्याने काँक्रीट ओतणे आहे. ग्रंथ खरा मानावा की भेग खरी मानावी, याची आज्ञा व्हावी." बाईंनी पत्र वाचिले आणि उभ्या उभ्या तार पाठविली: "भेग खरी. काम थांबवा."

मग बाईंनी त्र्याहत्तर खड्ड्यांच्या वह्या काढिल्या, यल्लप्पास बोलाविले, आणि दोघे दोन दिवस एकेक खड्डा तपासीत बसले. दुसरे दिवशी दुपारी चूक सापडली. भारी काळ्या मातीचे खड्डे अठरा, त्यांपैकी नऊ असे होते की ते बारमाही कालव्याचे काठी घेतले होते. तेथील माती उन्हाळ्यातही पुरी वाळत नाही, म्हणोन भेग उथळ राहते, आणि बाईंनी ते नऊ खड्डे बाकीच्यांत मिसळोन सरासरी काढिली होती. जेथे अकरा फूट पाहिजेत तेथे तक्त्यात आठ लिहिले गेले. यल्लप्पा खाली मान घालोन म्हणाला, "बाईसाहेब, त्या खड्ड्यांत भेग उथळ हुती, माझ्या तवाच ध्यानात आलं हुतं." बाईंनी विचारिले, "मग तुम्ही बोलला का नाहीत?" यल्लप्पा म्हणाला, "तुमी लिवत हुता. म्या म्हणलं, लिवणाऱ्याला ठावं असंल." हे ऐकोन बाईंस चूक सापडल्याहून अधिक लागले. करंजवडीस परक्या ग्रंथापुढे सर्व जैसे गप्प राहिले, तैसेच यल्लप्पा त्यांचे ग्रंथापुढे गप्प राहिला होता.

बाई तशाच उठोन अच्युतरावांकडे गेल्या आणि सर्व सांगितले. अच्युतरावांचा चेहरा उतरला. ते बोलिले, "बाई, हळू घ्या. कामे चालली आहेत त्यांस मी गुप्तपणे हुकूम धाडतो, आणि दुसरे आवृत्तीत आकडा बदलून टाकू. आपल्या बोलीतील पहिला ग्रंथ, त्यात चूक निघाली हे बाहेर फुटले तर जे म्हणत होते की आपल्या बोलीत शास्त्र मावत नाही ते काय म्हणतील? राज्याची अब्रू आहे." बाई बोलिल्या, "साहेब, तक्ता भिंतींवर डकविलेला आहे. हुकूम कचेरीत पोहोचेल, भिंतीवर नाही पोहोचणार. कोण्या गावच्या मिस्त्रीने तो पाहोन शाळा बांधिली, आणि ती फाटली, तर अब्रू कोठे ठेवायची?"

अच्युतराव खिडकीशी गेले, परत आले, आणि जे बोलिले ते त्यांणी पूर्वी कोणास सांगितले नव्हते. बोलिले, "माझ्या अकरा पुलांतील चौथा. त्याचे एका खांबाखाली वाळू वाहोन जाईल हे माझ्या हिशेबातून सुटले. पहिल्याच पुरानंतर मला दिसले, मी गुपचूप दगड टाकून खांब सावरिला, कोणास कळले नाही. सहा वर्षांनी माझ्याच हाताखालचा एक इंजिनियर तीच चूक दुसऱ्या नदीवर करून बसला आणि पूल गेला. माणूस गेले नाही, परंतु तो बिचारा नोकरीतून गेला. मी तेव्हाही बोललो नाही." ऐसे म्हणोन त्यांणी डोळ्यांवरील चष्मा काढोन पुसला आणि बोलिले, "बाई, पत्रक छापा. त्यावर माझीही सही घाला."

कासमभाईंस पत्रकाचा मजकूर दिला तेव्हा ते तो वाचोन म्हणाले, "बाईसाहेब, छपाईची चूक लिहा. लोक जुळाऱ्याला दोन शिव्या घालतील आणि विसरून जातील. आमची पाठ रुंद असते." बाईंचे डोळे भरोन आले, परंतु त्या बोलिल्या, "कासमभाई, तुमचा एक खिळा चुकला नाही. जे आहे तेच जुळवा." मग कासमभाईंनी मोठ्या टायपात जुळविले ते ऐसे: "या ग्रंथातील सातव्या तक्त्यात चूक आहे. चूक ग्रंथकर्तीची आहे. भारी काळ्या मातीत आठ फूट नव्हे, अकरा फूट जावे. चूक हणमंतराव शिराळकर यांणी सोनखेड येथे भेग मोजोन दाखविली." आणि खाली बाईंची सही, आणि तिचे खाली थोरल्या कारभाऱ्यांची सही.

मग जी धावाधाव जाहली ती फौजेच्या कूचासारखी. टपालाने, जीपने, एस.टी.च्या कंडक्टरांचे हाती, जेथे रस्ता नाही तेथे घोड्यावर आणि सायकलीवर पत्रके गेली. अकराशे प्रती कोणाकोणाकडे आहेत त्याचा माग काढोन प्रत्येकीत पत्रक चिकटविले, भिंतींवरील तक्ते खरवडोन काढिले, आणि जेथे जेथे त्या तक्त्याने पाये खणिले होते ऐशी सहा कामे सापडली. सहाही थांबविली. सोनखेडास यल्लप्पा स्वतः टोळी घेऊन गेला, आणि शिराळकर त्याचे बरोबरीने खड्ड्यात उतरला, आणि भर चैत्राच्या उन्हात आठाचे नऊ, नवाचे दहा, दहाचे अकरा फूट केले, तेव्हा कुदळीखाली पिवळा कणखर मुरूम लागला आणि कुदळीचा आवाज पालटला. यल्लप्पाने शिराळकराकडे पाहोन हाक मारिली, "साहेब, आली झोपलेली माती!" वर उभे असलेले सारे बाजारकरी लोक ओरडले, जणू किल्ला सर जाहला. सहांपैकी एकही काम पुढे फाटले नाही. अकराशे प्रतींपैकी एक हजार सत्त्याण्णव प्रतींची पोच आली. तीन मात्र सापडल्या नाहीत, तेही पुढील आवृत्तीत लिहोन ठेविले आहे.

जे हसतील म्हणोन भय होते ते हसले नाहीत ऐसे नाही, काही हसले. परंतु नवल ऐसे जाहले की पत्रक पोहोचल्यापासोन सहा महिन्यांत बाईंकडे चारशेहून अधिक पत्रे आली. ज्या ग्रंथात ग्रंथकर्ती आपली चूक सांगते त्यास आपणही काही सांगावे, ऐसे लोकांस वाटले. कोकणातून एकाने लिहिले की आमची तांबडी माती ऐसी वागते. घाटावरून एकाने डोंगर सरकण्याची मापे पाठविली. आणि खारे वाऱ्यात लोखंड कैसे गंजते याची बारा वर्षांची टिपणे एका बंदरावरील फोरमनने पिशवीत घालोन स्वतः आणोन दिली. त्यांतोन पुढे ग्रंथ जाहले. भट्टीचा ग्रंथ जाहला, पंपाचा जाहला, गंजाचा जाहला, पुलाचा तर अच्युतरावांनी स्वतः लिहिला आणि त्याचे पहिले प्रकरण चौथ्या पुलाचे. दहा वर्षांत राज्याच्या बोलीत इंजिनियर व शास्त्रज्ञ लोकांचे कामाचे चौऱ्याऐंशी नवे ग्रंथ जाहले. कासमभाईंचे खिळे एकशे सोळाचे दोन हजार जाहले, आणि त्यांचे हाताखाली शिकोन तयार जाहलेले जुळारी आज सहा शहरांत आहेत.

ही पत्रे येत होती तेव्हाच राज्याचे धनी हुजूर यांणी बाईंस दरबारी बोलावोन विचारिले, "ग्रंथ मोठा केलात, चूक त्याहून मोठ्या मनाने सांगितलीत. काय बक्षीस द्यावे?" बाई बोलिल्या, "एक हुकूम द्यावा. या राज्यात यापुढे जो कामाचा ग्रंथ छापिला जाईल त्याचे शेवटी एक कोरे पान असावे, पत्ता छापलेले, टपालखर्च सरकारचा. वाचणाऱ्यास ग्रंथात जे खोटे आढळेल ते त्याने त्यावर लिहोन पाठवावे, मग तो इंजिनियर असो की बिगारी असो. लिहिणाऱ्यास ठाऊक असेल म्हणोन कोणी गप्प राहू नये." हुजुरांनी शिक्का मागविला. मग बोलिले, "हे तुम्हांस बक्षीस नव्हे, आम्हांस आहे," आणि तेथेच शिक्का केला.

कोरी पाने घातलेली दुसरी आवृत्ती निघाली आणि पहिले पान परत आले ते आषाढात, चिखलाच्या बोटांनी डागाळलेले, एका धरणाच्या कामावरून, जेथे पाया खणणाऱ्या बायांच्या टोळीने नुकतेच रात्रशाळेत अक्षर शिकणे सुरू केले होते. कचेरीत सर्व जमा जाहले, कोणती चूक निघाली म्हणोन मने धास्तावली, आणि बाईंनी पान उलगडिले. त्यावर वेडीवाकडी, मोठमोठी अक्षरे होती. "तकता बरोबर आहे. आमी अकरा फूट खणून पाहिले." आणि खाली तेवीस नावे, प्रत्येकीने आपली आपण लिहिलेली.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. ग्रंथ दुसऱ्यांचे होते ते आपले जाहले, आपला चुकला तो आपणच सुधारिला, आणि ज्यांणी खणिले त्यांणीच वाचोन साक्ष दिली. पुष्कळ राज्ये किल्ल्यांनी थोर म्हणविली. हे राज्य खणून पाहणाऱ्यांनी थोर केले. लिहिले ते इतुके. वाचणारांस यात अधिकउणे आढळेल तर कळवावे.